टबातलं पाणी

मित्रांनो, आधी माझ्या अंगावरचं हे फडकं कुणीतरी बाजूला करा. धुळीने जीव गुदमरला आहे. दिसलं आता? वर मूठ असलेली एक जड पेटी, तळहाताएवढा पडदा आणि वेटोळं घातलेल्या वायरीच्या टोकाला एक ठोकळा. मी एक जुनं सोनोग्राफी यंत्र आहे आणि मला एका जागी गप्प बसवत नाही. आदिलाबादच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या या कोठीत, मोडक्या खाटा आणि रिकाम्या खोक्यांच्या शेजारी, मला आणून ठेवल्याला बराच काळ लोटला. तरी मला त्याची सवय झालेली नाही.

चुळबुळ हा माझा जन्मजात गुण आहे. वायरीच्या टोकाच्या त्या ठोकळ्यात, तेलात बुडालेला एक छोटा स्फटिक असतो. मला चालू केलं की तो इकडून तिकडे डोलू लागतो. तो डोलत राहिला तरच चित्र दिसतं, थांबला की चित्र गेलं. मला हातात धरणाऱ्याला तळव्यात मुंग्या आल्यासारखं वाटायचं. आता असा स्वभाव घेऊन जन्माला आलेल्याने कोठीत बसून काय करावं, तुम्हीच सांगा.

माझं काम समजायला अवघड नाही. माणसाला ऐकू येत नाही असा बारीक आवाज मी पोटात सोडतो. तो आत कशावर तरी आपटून परत येतो आणि त्यावरून मी चित्र काढतो. पाण्यातून आवाज सरळ पलीकडे जातो, म्हणून पाणी पडद्यावर काळंभोर दिसतं. हाडावरून तो माघारी फिरतो, म्हणून हाड पांढरं दिसतं. पण आतड्यातला वारा मध्ये आला की माझी मती खुंटते. पडद्यावर नुसतं धुकं पसरतं. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं या धुक्यावरूनच घडलं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही, कारण डोळे उघडले न उघडले तोच मला थर्माकोलमध्ये दाबून बसवलं. पुढे हैदराबादच्या एका दवाखान्यात मी थंड हवेच्या खोलीत टेबलावर राहिलो. खायला प्यायला कमी नव्हतं म्हणा, पण टेबलावरून टेबलावर जाण्यापलीकडे माझा प्रवास नव्हता. मग तिथे माझ्याहून मोठं यंत्र आलं आणि मला आदिलाबादला देऊन टाकलं. ते साल १९९०. मला न्यायला डॉक्टर सुधाकरराव स्वतः आले होते. बसच्या टपावर सामान चढवणाऱ्याने मला हात लावला तेव्हा ते त्याच्यावर खेकसले, आणि मला मांडीवर घेऊन सबंध रस्ता अवघडून बसले. मला माणसाच्या मांडीवर बसायची ती पहिलीच वेळ. खरं सांगतो, आवडलं.

डॉक्टरांच्या डोक्यात एक वेगळंच खूळ होतं. मला दवाखान्यात ठेवायचं नाही, रुग्णांना आणायला जाणाऱ्या जीपमध्ये ठेवायचं. हे ऐकून बाकीचे हसले. असलं यंत्र डॉक्टरनेच धरावं, जीपवरच्या माणसांच्या हाती देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणं, असं एकजण तोंडावर म्हणाला. डॉक्टर काही चिडले नाहीत. बाई गावातून निघताना जर कळलं की तिला कुठे न्यायचं, तर अर्धं काम तिथेच होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते स्वतः जीपबरोबर जाऊ शकत नव्हते, कारण ऑपरेशन करणारे ते एकटेच होते.

मग शिकायला दोघं निवडली. एक द्वारकाबाई, जीपवरच्या नर्स. जैनथकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध घरातल्या. वडील जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले आणि मुलीला शिकवलं. दुसरा दौलत, स्ट्रेचर उचलणारा, मलमपट्टी करणारा, हाताचा चपळ आणि तोंडाचा त्याहून. जीप चालवायला मोतीराम. त्याच्या गळ्यात माळ होती, आणि डिझेलवर तो पोटच्या पोरासारखी नजर ठेवायचा.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तुम्हाला मी डॉक्टर करत नाही, फक्त तीन गोष्टी पाहायला शिकवतो. बाळाचं डोकं कुठे आहे, त्याच्या छातीचे ठोके पडतात का, आणि वार कुठे चिकटली आहे. मित्रांनो, बाळ आईच्या पोटात ज्या मांसल चकतीतून पोसलं जातं, तिला वार म्हणतात. ती वर असावी. ती गर्भाशयाच्या तोंडावर, म्हणजे बाळाच्या बाहेर येण्याच्या वाटेवरच बसली, तर बाळंतपणात रक्ताला खळ राहत नाही. अशा बाईला ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच न्यावं लागतं. तिथे दुसरा उपाय नाही.

आता हे शिकवायचं कसं? डॉक्टरांनी न्हाणीतला प्लास्टिकचा टब आणला. त्यात पाणी भरलं. आत एक बाटली आडवी ठेवली, तिचं तोंड म्हणजे गर्भाशयाचं तोंड. बाळाच्या डोक्याच्या जागी पेरू, ज्याला इकडे जांब म्हणतात. आणि वारेच्या जागी बोकडाच्या काळजाचा तुकडा, कारण पडद्यावर दोन्ही सारखीच दाणेदार दिसतात. काळीज आणायला मोतीरामने साफ नकार दिला. मग द्वारकाबाई स्वतः खाटकाकडे जायच्या, आणि मोतीराम दिवसभर जीपच्या काचा पुसत बसायचा. डॉक्टर टबावर कापड टाकायचे, आत काळजाचा तुकडा कधी वर ठेवायचे, कधी बाटलीच्या तोंडावर, आणि विचारायचे की सांगा, कुठे आहे. द्वारकाबाई सावकाश फिरवून सांगायच्या. दौलत पटकन सांगायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचा. दोघांचेही हात तयार झाले. मी मनातून खूश होतो, पण हे टबातलं जग कधी संपतं आणि आपण जीपमध्ये कधी चढतो असं मला झालं होतं.

डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं की लघवीची पिशवी भरलेली असेल तर खालची वार दिसते, रिकामी असेल तर आतडी पुढे येतात आणि दिसत नाही. दोघांनी ते पाठ केलं होतं. दवाखान्यात दाखवायला येणाऱ्या बायका व्हरांड्यातल्या माठाजवळ तासन्‌तास बसायच्या आणि पाणी पीत राहायच्या, त्यामुळे तिथे कधी अडलं नाही. आणि टबात तर पाणी नेहमी भरलेलंच असे. पाणी नसलं तर कसं दिसतं, हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

शेवटी मी जीपमध्ये चढलो. काय सांगू तुम्हाला. काळ्या मातीचे रस्ते, कापसाच्या गाड्यांमागे उडणारा फुफाटा, चाकाखाली दगड आला की मी हातभर उडायचो. दौलत मला छातीशी धरायचा. असं हुंदडणं मला हैदराबादेत कुठे मिळालं असतं? लोक जमायचे. मुलगा आहे की मुलगी, हे हमखास विचारायचे. द्वारकाबाई म्हणायच्या की मशीनला ते समजत नाही. मला राग यायचा. पुढे त्यांच्या त्या उत्तरामागचं कारण समजलं तेव्हा राग गेला.

पण एक गोष्ट मला टोचत होती. गावात गेलं की डोकं दिसायचं, ठोके दिसायचे, आणि खाली मात्र धुकं. पुन्हा पुन्हा धुकं. मोतीराम म्हणायचा बॅटरी बसली. दौलत माझ्या डोक्यात एक थापड मारायचा, जसं काही मी रेडिओ होतो. मग त्याने आपल्यापुरता एक सोपा मार्ग काढला. वार वाटेवर दिसली नाही, म्हणजे ती वाटेवर नाही. आणि तो सांगून टाकायचा, सगळं ठीक आहे. मी आतल्या आत तडफडायचो. दिसलं नाही आणि नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला ठाऊक होतं, पण यंत्राला तोंड दिलेलं नसतं.

त्या माघात आमची जीप पैनगंगेच्या उतारापाशी उभी होती. पलीकडे महाराष्ट्र. नदीला गुडघाभर पाणी, पुढे सगळी वाळू. एक बैलगाडी उताराकडे आली आणि तिच्यातून भागीरथाबाई उतरल्या. गाडीत त्यांची सून रुक्माबाई होती, पहिलटकरीण, नववा महिना लागलेला. तिला बाळंतपणाला माहेरी न्यायला तिचा भाऊ भिवाजी आला होता, आणि सासूबाई तिला नदीपर्यंत पोचवायला निघाल्या होत्या. तिचा नवरा भैंशाच्या जिनिंगमध्ये कामाला, हंगाम सोडून त्याला येता येईना. भागीरथाबाईंनी द्वारकाबाईंना बाजूला नेऊन हळूच सांगितलं की परवा सुनेला थोडं लाल दिसलं होतं. दुखलं खुपलं काही नाही, आपोआप थांबलंही. तुमच्या मशीनने नुसतं पाहून द्या, म्हणजे मन निवांत होईल.

रुक्माबाईला जीपमध्ये आडवं केलं. मला वीज मिळावी म्हणून मोतीरामने इंजिन चालू ठेवलं. द्वारकाबाईंनी ठोकळा हातात घेतला आणि मी डोलू लागलो. डोकं दिसलं. ठोके दिसले, चांगले जोरात. खाली धुकं.

बाहेर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या दौलतने मान वळवून पडद्यावर एक नजर टाकली आणि सांगितलं, सगळं ठीक आहे, जाऊ द्या. भिवाजीला तेवढंच हवं होतं. ऊन चढत होतं, नदीपलीकडे रस्ता नव्हता, गाव गाडीवाटेने बरंच आत होतं, आणि तिकडे आई वाट पाहत होती. तो बैलांकडे वळला. मित्रांनो, मी माझ्या सबंध आयुष्यात इतका अस्वस्थ कधीच झालो नव्हतो. त्या धुक्यामागे काय आहे ते मलाही दिसत नव्हतं. पण काहीतरी असू शकतं हे विचारायला कुणी तयार नव्हतं, आणि गाडी नदीत उतरली की विचारण्यात अर्थ उरणार नव्हता.

द्वारकाबाईंनी मात्र ठोकळा उचलला नाही. त्यांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. मग एकदम थांबल्या आणि रुक्माबाईला विचारलं, पाणी कधी प्यायलीस? रुक्माबाईने सासूकडे पाहिलं. काल दिवेलागणीला, असं सासूनेच उत्तर दिलं, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. गावाला निघायचं म्हटलं की इकडच्या बायका आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करतात. वाटेत जागा कुठे मिळणार? गाडीत पुरुष माणूस, मागेपुढे कापसाच्या गाड्या, नदीवर उघडी वाळू. आया हे लेकींना शिकवतात, सासवा सुनांना. द्वारकाबाईंच्या आईनेही त्यांना हेच शिकवलं होतं. जीपबरोबर निघताना त्यासुद्धा सकाळपासून घोटभर पाणी पीत नसत.

द्वारकाबाई दौलतला हळूच म्हणाल्या, "टबात पानी रोज भरेल असते. हिच्या पोटात नाई."

दौलतच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आजवर ज्यांना ज्यांना ठीक आहे म्हणून सांगितलं, त्या सगळ्या त्याला आठवल्या असाव्यात.

मग सुरू झालं ते वाट पाहणं. रुक्माबाईला पाणी प्यायला लावायचं आणि पिशवी भरेपर्यंत थांबायचं. तांब्या पुढे केला, पण ती घेईना. सासूबाई म्हणाल्या की ही आता इतकं पाणी प्यायली तर नदीत काय करेल, भावासमोर. भिवाजी चिडला. दुसऱ्या खेपेला मशीन चालवायला हिला काय मुहूर्त पाहिजे का, असं तो मोतीरामला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला.  द्वारकाबाई आधी स्वतः तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या. मग दुसरा भरून रुक्माबाईपुढे धरला.

"मी बी पेली, पाह्य. तुले जा लागलं त मले बी जा लागन. लुगडं धरू दोघी मिळून. कोनी नाई पाहात."

रुक्माबाईला हसू आलं आणि तिने तांब्या घेतला.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, पण मला तो संपता संपेना. मोतीराम डिझेलच्या काट्याकडे पाहून उसासे टाकत होता. मला बंद करा असं तो एकदा म्हणाला, पण दौलतने ऐकलं नाही, कारण बंद केल्यावर मी पुन्हा सुरू होईनच याची खात्री नसायची. भिवाजी बैलांपाशी जायचा आणि परत यायचा. भागीरथाबाई वाळूत बसून बोटाने रेघा ओढत होत्या. रुक्माबाई तेवढी शांत होती, कितीतरी तासांनी पोटभर पाणी प्यायली होती ती.

मग ठोकळा पुन्हा टेकला. आणि मित्रांनो, धुकं गेलं. जिथे काहीच नव्हतं तिथे पाण्याचं काळंभोर तळं दिसलं, आणि त्या तळ्याच्या मागे, गर्भाशयाच्या तोंडावर आडवी बसलेली, दाणेदार, करडी वार. टबात बाटलीच्या तोंडावर काळजाचा तुकडा दिसायचा, अगदी तशी.

दौलतने पाहिलं आणि तो गाडीकडे गेला. त्याने स्वतःच्या हाताने बैल सोडले.

द्वारकाबाईंनी भागीरथाबाईंना जवळ बोलावून पडद्यावर बोट ठेवलं. "हे काळं पानी हाय, मावशी. त्याच्या मांगं वार. दारातच बसली हाय. कळा सुरू झाल्या त बाळाच्या आधी रक्त येते, अन्‌ थांबत नाई. तिकडं कोन पाहीन हिले?"

भिवाजी मानायला तयार नव्हता. बहीण चांगली उठत बसत होती, दुखत नव्हतं, आणि हे लोक एका काळ्या डागावरून तिचं माहेर तोडत होते. आईने खोली सारवून ठेवली होती, डिंक आणून ठेवला होता. रिकामी गाडी घेऊन गेलो तर गाव काय म्हणेल, असं तो म्हणाला. त्याला बहिणीचं वाईट व्हावं असं थोडंच वाटत होतं? त्याला समजत नव्हतं एवढंच.

भागीरथाबाईंनी वाकून पडदा एकदा नीट पाहिला. मग म्हणाल्या, "माहेर काही पळून नाई चाललं, भिवाजी. पोरगी राह्यली त माहेर हाय." आणि सुनेचं गाठोडं त्यांनी स्वतः गाडीतून काढून जीपमध्ये ठेवलं.

निघण्याआधी द्वारकाबाईंनी शब्द पाळला. दोघी बायकांनी लुगडं धरलं. मोतीराम, दौलत आणि भिवाजी नदीकडे तोंड करून उभे राहिले. त्यानंतर गाडी-बैल भागीरथाबाईंच्या गावाकडे परतणाऱ्या एका गाडीवानाच्या हवाली केले आणि आम्ही आदिलाबादची वाट धरली. भिवाजी माझ्या शेजारीच बसला होता आणि सबंध वाटेत त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

काही दिवसांनी वॉर्डातच रुक्माबाईला एकाएकी रक्त जायला लागलं. चादर, खाट, फरशी, सगळं भिजलं. डॉक्टर सुधाकरराव धावत आले आणि तिला तसंच ऑपरेशनला घेतलं. रक्त लागलं, ते भिवाजीने दिलं. आई वाचली, बाळ वाचलं. मुलगा होता की मुलगी ते मी सांगणार नाही, मला ते समजत नाही. भिवाजी जाण्याआधी जीपपाशी आला आणि त्याने माझ्या पेटीवर हात टेकवून नमस्कार केला. मला कसंसंच झालं. त्या नमस्कारातला निम्मा वाटा एका तांब्याचा होता.

डॉक्टरांनी सगळी हकिकत ऐकली आणि उठून टब आडवा केला. पाणी न्हाणीच्या मोरीत वाहून गेलं. तेव्हापासून त्यांच्या शिकवण्याचा पहिला दिवस बदलला. बाजारहत्नूरपासून, भैंशापासून शिकायला माणसं आली, तर पहिल्या दिवशी टब कोरडा असायचा. डॉक्टर म्हणायचे, "आज काही दिसणार नाही. धुकं कसं असतं ते नीट पाहून घ्या, अन्‌ दिसलं नाही असंच सांगायला शिका." जीपमध्ये माठ आला, बांबूला बांधलेला कापडी आडोसा आला. दौलत प्रत्येक बाईला आधी पाणी विचारू लागला. माझ्या डोक्यात थापड मारणंही त्याने सोडलं. माझे सुखाचे दिवस ते. फुफाटा खाल्ला, आदळलो, आपटलो, पण रोज कुठेतरी चाललो होतो.

पुढे ठोकळ्यातलं तेल झिरपू लागलं. आत हवेचा बुडबुडा शिरला आणि माझ्याच पोटात वारा आला म्हणा ना. दौलत मला घेऊन हैदराबादपर्यंत जाऊन आला, पण तो सुटा भाग कुठे मिळेना. नवं यंत्र आलं. द्वारकाबाईंना सरकारी नोकरी लागली आणि त्या बाजारहत्नूरला गेल्या. जाताना त्यांनी मला पुसून हे फडकं घातलं. दौलत आता दुसऱ्या गाडीवर आहे. डॉक्टर थकून नागपूरला मुलीकडे गेले. मला विसरले म्हणून माझी तक्रार नाही. विसरण्यासारखंच वय झालं माझं.

पण मित्रांनो, कालपासून मला चैन नाही. पलीकडच्या खोलीत पुन्हा शिकवणं सुरू झालं आहे. नवी पोरं आहेत, नवे डॉक्टर आहेत, हुशार आहेत, मनापासून शिकवतात. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं. सकाळी नळ सोडल्याचा आवाज येतो आणि टब काठोकाठ भरतो. तो कोरडा ठेवायचा असतो हे त्यांना सांगायला आता कुणी उरलेलं नाही. ती पोरं पटापट बरोबर उत्तरं देतात, आणि त्यांचं कौतुक होतं, आणि मी इथे फडक्याखाली तळमळतो.

मला तेल घालू नका. मला पुसूही नका, फडकं हवं तर परत टाका. फक्त त्या दाराने पलीकडे जा आणि त्यांना सांगा, आधी एकदा टबातलं पाणी ओतून टाका. मग घरी जा, आणि पुढच्या वेळी आई गावाला निघेल तेव्हा तिला विचारा, ती पाणी प्यायली का. नाही म्हणाली, तर का नाही तेही विचारा. आणि तिच्या हातात तांब्या द्या.